हाड दगडासारखं असतं, मग आईचा खुबा एवढ्यानं मोडला कसा?

प्रश्न थोडक्यात असा. आई 71 वर्षांच्या. रात्री बाथरूमला जाताना पायपुसण्यात पाय अडकला, उजव्या कुशीवर पडल्या, मग उठताच येईना. एक्सरेत खुब्याच्या मानेला फ्रॅक्चर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, प्लास्टरनं भागणार नाही, अर्धा बॉल बदलावा लागेल. मुलगी विचारते आहे: साधं जमिनीवर पडून एवढं कडक हाड कसं मोडलं? नऊ वर्षांच्या मुलाचं मनगट मोडलं होतं ते महिन्यात जुळलं, मग आईचं का जुळणार नाही? माझं वय 44, मी स्वतःसाठी काय करू? आणि शेवटी एक ओळ: आई विचारतेय, मांडी घालून बसता येईल का?

ताई, तीस वर्षं हाडांचीच डॉक्टरी केली, त्यातली बरीचशी जिल्ह्याच्या गावी. हे प्रश्न मला ओपीडीत रोज विचारले जायचे आणि रांगेकडे बघत मी प्रत्येकाला दोन वाक्यांत वाटेला लावायचो. आज सवडीनं सांगतो.

गोंधळाचं मूळ तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे, 'दगडासारखं'. हाड दगडासारखं असतं असं वाटतं, कारण आपण ते बघतो मेलेलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला सापळा, ताटात उरलेलं हाड. जिवंत हाड मी ऑपरेशनमध्ये पाहिलंय. ते पांढरंफटक नसतं, किंचित गुलाबीसर असतं, ओलं असतं, ड्रिल मारलं की त्यातून रक्त येतं. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास दचकतो.

उदाहरण जरा अशुभ आहे, पण याहून नेमकं माझ्याकडे नाही. अस्थी सावडायला गेलेल्या माणसाला आठवत असेल: हाडाचा आकार शाबूत दिसतो, पण बोटांत धरलं की खडूसारखा भुगा होतो. आगीनं हाडातला खनिजाचा भाग जाळला नाही, जाळलं ते त्यातलं प्रथिन. आता उलटा प्रयोग घरी करा. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधे एकदोनदा व्हिनेगर बदला. आठवडाभरानं ते हाड रबरासारखं वाकतं. माझ्या मुलीनं शाळेसाठी हे केलं होतं आणि ते हाड वाकवून वाकवून पाहुण्यांना दाखवत बसली होती. इथे आम्लानं खनिज विरघळलं आणि प्रथिन उरलं.

म्हणजे हाड दोन गोष्टींचं बनलेलं. एक कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे, दुसरं त्यांच्यावर बसलेले कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक. वजनानं सुमारे दोन तृतीयांश खनिज, बाकी प्रथिन आणि पाणी. घराचा स्लॅब टाकताना पाहिला असेल. नुसतं काँक्रीट दाबाला टिकतं पण ओढलं की तडकतं, म्हणून त्यात सळ्या घालतात. हाडात सळ्यांचं काम कोलॅजेन करतं. म्हणून 'हाडं म्हणजे कॅल्शियम' हे जाहिरातीतलं समीकरण अर्धंच खरं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या जेवणात प्रथिन नसेल, सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किट आणि रात्री दूध-भात, तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी काही होत नाही.

आता मांडीचं हाड उभं चिरलं तर काय दिसतं ते सांगतो, कारण आईचं दुखणं तिथेच आहे. शरीरातलं हे सगळ्यात लांब हाड, उंचीच्या साधारण चौथा हिस्सा. मधला भाग पोकळ नळी, भिंत जाड आणि घट्ट. निसर्गानं वजन वाचवलं, मजबुती ठेवली. त्या पोकळीत मगज. मटणातली नळी चोखणाऱ्यांना मगज म्हणजे काय हे सांगायला नको. मोठ्या माणसाच्या नळ्यांमधला मगज बहुतेक चरबीचा, पिवळा. रक्त बनवणारा लाल मगज असतो तो मणक्यांत, छातीच्या मधल्या हाडात, कंबरेच्या हाडांत, फासळ्यांत आणि कवटीत. रोज अब्जावधी तांबड्या पेशी तिथे तयार होतात. रक्त नीट बनतंय का ते तपासायला डॉक्टर कधीकधी कंबरेच्या हाडात सुई घालतात ती याचसाठी. हाडांची इतर कामं (आधार देणं, मेंदू आणि हृदयाभोवती पेटी बनून राहणं, स्नायूंना ओढायला दांडा पुरवणं) शाळेच्या पुस्तकात असतात, त्यावर वेळ घालवत नाही.

वर, खुब्याकडे, ही नळी बदलते. बाहेरची भिंत पातळ होते आणि आत जाळी सुरू होते, स्पंजासारखी. मांडीच्या उभ्या दांड्यावर एक तिरकी मान आणि मानेवर चेंडूसारखा गोळा. त्या जाळीतल्या काड्या वाटेल तशा पसरलेल्या नसतात. 1866 च्या सुमाराला झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर या शरीररचनातज्ज्ञानं खुब्याच्या छेदातल्या या रेषा दाखवल्या, तेव्हा कार्ल कुलमान हा इंजिनिअर चकितच झाला. क्रेनच्या वाकड्या मानेवर भार दिला की ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, त्या काढायचं काम तो करत होता, आणि हाडातल्या काड्या जवळपास त्याच वाटांनी गेलेल्या होत्या. पुढे 1892 मध्ये जर्मन सर्जन यूलिउस वोल्फनं यावरून नियम मांडला: हाडावर जसा भार येतो, तसं हाड आपली घडण बदलतं. हा नियम जसाच्या तसा काटेकोर नाही, पण मूळ म्हणणं पक्कं आहे. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. उलट, अंतराळवीरांच्या खुब्यातलं खनिज तिकडे वर महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटतं, कारण तिथे पायावर वजनच येत नाही. आणि अंतराळात जायची गरज नाही, महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही हाड झिजतं.

हे होतं कसं? हाडात दोन टोळ्या सतत काम करत असतात. एक तोडकामवाली, ऑस्टिओक्लास्ट पेशींची. ती आम्ल सोडून जुन्या हाडात खड्डा पाडते. तिच्या मागून गवंड्यांची टोळी, ऑस्टिओब्लास्ट. ती खड्ड्यात आधी कोलॅजेन अंथरते, मग त्यावर खनिज बसतं. एक खड्डा पडायला दोन-तीन आठवडे लागतात, भरायला तीन-चार महिने. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागेल. काम संपल्यावर काही गवंडी स्वतःच्याच बांधकामात चिणून राहतात आणि बारीक नळ्यांमधून एकमेकांशी जोडलेले असतात. हाड किती वाकतंय, कुठे तडा गेलाय, याची खबर हेच देतात. बाहेरून जो सांगाडा निश्चल वाटतो त्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नवा होत असतो.

तरुणपणी तोड आणि भर यांचा हिशेब जुळतो. तिशीच्या आसपास हाडांची पुंजी सगळ्यात जास्त असते. मग बायकांची पाळी जाते. ईस्ट्रोजेन हे संप्रेरक तोडकाम्यांच्या टोळीला आवर घालत असतं, तो आवर सुटतो. खड्डे जास्त पडतात, आणि खड्डा पडायला आठवडे आणि भरायला महिने, म्हणजे गवंडी कायमच मागे. पहिली काही वर्षं ही घट फार वेगानं होते, पुढे मंदावते. मार आधी बसतो जाळीला. त्यातही आडव्या काड्या लवकर तुटतात, आणि एकदा काडी पार तुटली की गवंड्याला बांधायला पायाच उरत नाही. मांडवाच्या उभ्या बांबूंमधल्या आडव्या काठ्या काढून टाका, बांबू जागेवर दिसतील, पण जोराचा वारा आला की वाकतील. हाड कमी होतं तेव्हा ताकद त्याहून जास्त कमी होते, ती यामुळे.

आईंचा जुना एक्सरे असेल तर शोधा. खुब्यातल्या त्या रेषा साध्या एक्सरेतही दिसतात, आणि त्या एकेक करून पुसट होत जातात. 1970 मध्ये मनमोहन सिंग (पंतप्रधान नव्हे, दुसरे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून सहा पायऱ्या लावल्या, सहावी म्हणजे सगळ्या रेषा शाबूत, पहिली म्हणजे अगदी मोजक्या उरलेल्या. आज निदानासाठी डेक्सा (हाडातलं खनिज मोजणारा खास एक्सरे) तपासणी असते आणि सिंग निर्देशांक मागे पडलाय, पण एक्सरे हातात घेतला की माझी नजर अजून आधी तिथेच जाते.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आई पडल्या त्या रात्री हाड मोडलं खरं, पण ते आतून वीस वर्षं पोखरलं जात होतं. त्यात त्या कुशीवर पडल्या. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो आणि हाड तो सहज पेलतं, कारण त्याची घडणच त्या दिशेसाठी आहे. कुशीवर पडलं की मार बाजूनं, आडवा येतो. त्या दिशेसाठी जाळी तयारच नाही. पुढे हात टेकून पडल्या असत्या तर बहुधा मनगटावर भागलं असतं.

मग नातवाचं का जुळलं? पोराचं हाड वेगळीच वस्तू आहे. जन्मतः बाळाच्या शरीरात तीनशेच्या आसपास हाडाचे तुकडे असतात, मोठेपणी जुळून 206 उरतात. (सुश्रुतानं हाडं 300 मोजली, चरकानं 360. दोघांच्याही गणतीत दात आहेत आणि सुश्रुताच्या गणतीत कूर्चाही, 'तरुण' या नावानं. म्हणजे ते चुकले असं नव्हे, मोजायची रीत निराळी.) पोराच्या हाडावरचं सालपट जाड आणि रक्तानं भरलेलं असतं. ओली फांदी मोडताना एका बाजूनं तडकते आणि दुसऱ्या बाजूनं धरून राहते, तसं पोराचं हाड पुष्कळदा अर्धवटच मोडतं.

हाड जुळतं ते असं: मोडलेल्या जागी रक्त साकळतं. हे रक्त वाया गेलेलं नसतं, त्याच्यातच दुरुस्तीच्या पेशी गोळा होतात. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांभोवती मऊ, कूर्चेसारखा गोळा धरतो, मग त्यात खनिज भरून तो कडक होतो, आणि पुढे महिनोन्‌महिने तोडकामवाले आणि गवंडी मिळून त्याला तासून जुन्या आकारात आणतात. जखम भरते तेव्हा कातडीवर व्रण राहतो. हाड मात्र हाडानंच भरून निघतं, नीट जुळलं तर काही वर्षांनी एक्सरेत कुठे मोडलं होतं ते शोधावं लागतं.

पण या सगळ्याला रक्त हवं. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खालून, मानेला चिकटून वर चढतात. मान मोडून सरकली की त्याही फाटतात. गोळा वरच्या वाटीत बसलेला, खालून रसद तुटलेली. त्यात ही मान सांध्याच्या पिशवीच्या आत आहे, तिच्यावर ते जाड सालपट नाही, भोवती सांध्याचं वंगण. साकळलेलं रक्त तिथे नीट धरतच नाही. तरुण माणसात आम्ही तरीही घाईनं स्क्रू घालून गोळा वाचवायला बघतो. 71 व्या वर्षी मान सरकलेली असेल तर तो जुगार आहे: कित्येकदा गोळा जुळत नाही किंवा जुळून पुढे मरतो, आणि दुसरं ऑपरेशन नशिबी येतं. म्हणून गोळा काढून धातूचा बसवायचा. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलंय. फ्रॅक्चर मानेच्या थोडं खाली असतं तर तिथे रक्त भरपूर असतं, सळई घालून ते जुळलं असतं. फरक दोन बोटांचा, पण उपचार सगळा निराळा.

थांबू नका, एवढं मात्र निक्षून सांगतो. बाकी तब्येत सावरून शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन व्हावं. 'वय झालंय, कशाला चिरफाड, पडून राहू दे' हे मी शेकडो घरांत ऐकलंय, आणि ते प्रेमापोटीच बोललं जातं. पण म्हातारं माणूस मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणानं जास्त खचतं. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. बॉल बसवल्यावर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, ऑपरेशनचा खरा फायदा तोच.

कुणीतरी हाडवैद्याचंही नाव सुचवेल. त्यांच्यातल्या काहींच्या हाताला मी नावं ठेवत नाही, निखळलेला खांदा बसवताना मी त्यांना पाहिलंय. पण एका मुलाचं कोपर मोडल्यावर बांबूच्या पट्ट्या इतक्या करकचून बांधल्या होत्या, की दोन दिवसांनी माझ्याकडे आला तेव्हा बोटं काळीनिळी आणि बधिर होती. आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा गेला होता. हाड जुळलं, पण पंजा आखडला तो कायमचाच. खुब्याच्या मानेला तर बाहेरून बांधून काहीच होत नाही.

आता तुमचं. एक गैरसमज आधी काढतो: 'माझं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे, म्हणजे हाडं ठीक.' नाही. शरीरात कॅल्शियम सुमारे एक किलो, त्यातलं 99 टक्के हाडं-दातांत. रक्तात अगदी थोडं, पण त्यावर हृदयाचे ठोके आणि नसांचं काम चालतं, म्हणून ते 100 मिलिलिटरला साधारण 9 ते 10 मिलिग्रॅमवर धरून ठेवलं जातं. कमी पडायला लागलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडाच्या कोठारातून काढून घेतात. म्हणजे खातं रिकामं होत असतानाही रक्ताचा रिपोर्ट छान येतो. हाडाची मोजणी डेक्सानं करा. तिचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ठिसूळपणाचा शिक्का बसतो. आईचा खुबा मोडलाय म्हणजे तुमचा धोकाही थोडा जास्त, पाळी जाण्याच्या सुमारास एकदा करून घ्या.

खाण्याचं फार कठीण नाही. तुमच्या वयाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेल्यावर 1200. पेलाभर दुधात 240 च्या आसपास. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350. तिळात तर 100 ग्रॅमला हजाराच्या वर, पण तीळ आपण चमचाभरच खातो. तीळकूट रोज ताटात असू द्या, संक्रांतीची वाट कशाला बघायची? पालकाच्या भरवशावर राहू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटनं बांधलेलं असतं, अंगी फार कमी लागतं. ड जीवनसत्त्व तपासा, आपल्याकडे ऊन मुबलक आणि ड कमी अशी गंमत आहे. सकाळचं कोवळं ऊन छान वाटतं पण ड बनवत नाही, सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन हवं, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ.

आणि वोल्फला विसरू नका. हाडाला भार द्या. जिने चढा, वजनं उचला, भरभर चाला. पोहणं हृदयाला उत्तम, हाडाला जवळपास काहीच नाही, कारण पाणी वजन उचलून धरतं. आमच्या पिढीतल्या बायका पाण्याच्या घागरी वाहून हे न कळत करायच्या. त्या कष्टांचं मी कौतुक करत नाही, पाठी मोडल्यात त्यांच्या. पण आठवड्यातून दोन दिवस डंबेल घेऊन उठाबशा काढायला काय हरकत आहे?

आईंना घरी सोडताना एक गोष्ट मागून घ्या, कारण ती फार वेळा राहून जाते: हाडं ठिसूळ झाली त्याचं औषध. बॉल बदलला म्हणजे दुसरा खुबा आणि मणके सुधारत नाहीत. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही मिळतं. मूत्रपिंडाचा रिपोर्ट आधी दाखवा, आणि दात काढायचे असतील तर दातांच्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं सांगा. घरी ते पायपुसणं उचलून टाका, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, मोतिबिंदू आहे का बघा, झोपेची गोळी चालू असेल तर ती खरंच लागते का विचारा.

राहिली मांडी. अर्धा बॉल बसवल्यावर पहिले तीन महिने तरी नाही. सांध्याची पिशवी भरून यायची असते, आणि खुबा खूप वाकवून पाय आत-बाहेर वळवला तर गोळा वाटीतून निसटू शकतो. त्यानंतरही जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, देशी संडास यांना मी माझ्या पेशंटना नाहीच म्हणायचो. सर्जननं कोणत्या बाजूनं सांधा उघडला त्यावर थोडं अवलंबून आहे, त्यांना विचारा. सध्या उंच कमोड, कडक गादीची उंच खुर्ची, आणि झोपताना दोन पायांमध्ये उशी. देवपूजेला त्या पाटावर बसत असतील, तर देव्हाराच टेबलावर आणा.